कागद वजा जाता

पुस्तकाची किंमत हा समीक्षेचा विषय होऊ शकतो असे मला आजवर वाटले नव्हते. तीसेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, पुस्तकांची परीक्षणे लिहिली, आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत हा तपशील नेमाने उतरवून काढला. त्यातला शेवटचा आकडा कशाचा मोबदला आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडायला माझ्याच पुस्तकाचे निमित्त व्हावे लागले. १९९६ साली माझा एक समीक्षालेखसंग्रह प्रसिद्ध झाला होता. पृष्ठे २१२, किंमत १२० रुपये, प्रती एक हजार. त्या संपायला सतरा वर्षे लागली. कसरीने खाल्लेल्या आणि मी स्वतः वाटलेल्या प्रतीही त्या हजारातच धरतो. दोन वर्षांपूर्वी मूळ प्रकाशकांच्या चिरंजिवांनी, जे आता संस्था सांभाळतात, त्याची दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले : छापील तीनशे प्रती, किंमत साडेतीनशे रुपये, आणि जोडीला ई-आवृत्ती. दूरध्वनीवर ते म्हणाले, "सर, ई-बुकची किंमत तुम्हीच सांगा. लोक म्हणतात, निम्म्याहून कमी हवी." मी फारसा विचार न करता म्हणालो, "शंभर ठेवा. कागद नाही, छपाई नाही, बांधणी नाही. जास्त घ्यायचे कशाचे?"

दूरध्वनी ठेवला आणि हे उत्तर मलाच टोचू लागले. कारण ज्या माणसाने ते दिले होते त्याने वर्षानुवर्षे पदव्युत्तर वर्गात नेमके याच्या उलट शिकवले होते. रोलाँ बार्थने १९७१ सालच्या आपल्या निबंधात कृती आणि संहिता यांत भेद केला : कृती हातात धरता येते, कपाटात जागा अडवते, संहिता भाषेत असते, वाचनाच्या क्रियेतच तिचे अस्तित्व. नेल्सन गुडमनने त्याआधी तीन वर्षे वेगळ्या वाटेने जाऊन म्हटले होते की चित्राची नक्कल करून फसवता येते, कवितेची नाही. अक्षरशः बरोबर उतरवलेली प्रत्येक प्रत ही ती कविताच असते, मग ती ताम्रपटावर असो की वाण्याच्या पुडीवर. या दोन्ही विचारांची ओळख करून देताना मी फळ्यासमोर उभा राहून मोठ्या उत्साहाने सांगत असे की कागद हा साहित्यकृतीचा भाग नव्हे. तोच मी, माझ्या स्वतःच्या संहितेची किंमत ठरवायची वेळ आली तेव्हा कागद वजा केला आणि उरलेल्याची बोली शंभर रुपये लावली. म्हणजे इतकी वर्षे मी कागदच विकत घेत होतो आणि विकत होतो, असे तरी म्हणायला हवे. नाहीतर वर्गात जे सांगितले ते माझ्या हाडीमासी मुरले नव्हते, असे.

मला वाटते, यात मी एकटा नाही. मराठी ग्रंथव्यवहाराची घडणच अशी आहे की पुस्तक आपण वजनावर तोलतो. प्रकाशक हिशेब फर्म्यांत करतो : सोळा पानांचा एक फर्मा, इतके फर्मे म्हणजे इतकी किंमत. वाचकही दुकानात उभ्या उभ्या पानामागे किती पडले याचा मनाशी भागाकार करतो. चौसष्ट पानांच्या कवितासंग्रहाला दीडशे रुपये पडले की त्याला फसवल्यासारखे होते, आणि पाचशे पानांची ऐतिहासिक कादंबरी पाचशेला मिळाली की स्वस्त वाटते. कवीने त्या चौसष्ट पानांसाठी बारा वर्षे घालवली असतील, हा विचार भागाकारात येत नाही. ग्रंथालयांच्या खरेदीत, सवलत-योजनांत, अगदी पुरस्कारांच्या नियमावलीतसुद्धा पृष्ठसंख्येची किमान मर्यादा दिसते. सूक्ष्म लेखनावर आपण गौरवपर लेख लिहितो आणि पैसे मात्र जाडीला देतो. ई-पुस्तकाने ही जाडीच काढून घेतली. तराजूत ठेवायला काही राहिले नाही, आणि म्हणून आपण गोंधळलो.

प्रकाशकांना मी हिशेब मागितला. त्यांनी तो मोकळेपणाने पाठवला. वडिलांनी इतक्या वर्षांत कधी पाठवला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. साडेतीनशेपैकी चाळीस टक्के, म्हणजे १४० रुपये, वितरक आणि विक्रेते यांच्या वाट्याला. लेखकाचे मानधन दहा टक्के, ३५ रुपये. तीनशेच प्रती काढायच्या असल्याने कागद, छपाई आणि बांधणी यांना प्रतीमागे सुमारे १०० रुपये. उरलेल्या ७५ रुपयांत अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, साठवण, टपाल आणि संस्थेचा जो काही असेल तो नफा. आता यातून कागद वजा जाता किती उरतात? अडीचशे. मी शंभर म्हणालो होतो. मधले दीडशे रुपये कोणाच्या खिशातून जायचे होते, याचा मी विचारच केला नव्हता. विक्रेत्याचे १४० वाचतील म्हणावे, तर ई-पुस्तकही कोणत्या तरी दुकानातूनच विकले जाते, फक्त त्या दुकानाला फळ्या नसतात. आणि त्याचा वाटा अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारापेक्षा कमी असतोच असे नाही.

पण हा हिशेबही अपुरा होता, हे पुढच्या तीन महिन्यांत कळले. १९९६ मधली अक्षरजुळणी ज्या तबकडीवर जपली होती ती वाचील असे यंत्र आता कोणाकडे नाही. संस्थेकडे नंतरची एक संगणक-प्रत होती. ती उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पाऊस. युनिकोडचा प्रमाण संकेत १९९१ पासून अस्तित्वात होता आणि देवनागरी त्यात आरंभापासून होती, पण आपल्याकडची डीटीपीची दुकाने पुढे कित्येक वर्षे ज्याच्या त्याच्या खासगी संकेतांच्या टंकांवरच चालली. तो टंक गेला की मजकूर गेला. गेल्या तीन-चार दशकांतले मराठी ग्रंथभांडार संगणकावरच जुळवले गेले आणि तरीही त्यातले बरेचसे संगणकाला वाचता येत नाही, ही आपल्या वाङ्मयेतिहासातली एक विलक्षण गोष्ट आहे. तिच्यावर कोणी तरी सविस्तर लिहायला हवे. असो. शेवटी पुस्तकाची पाने यंत्राखाली धरून त्यांची चित्रे घेतली आणि चित्रांतून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीकडे ती दिली.

तिने जे परत दिले ते शोधायचे काम एका बाईंकडे आले. त्या निवृत्त शिक्षिका. घरी बसून मुद्रिते तपासतात. तिसऱ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. "सर, तुमच्या पुस्तकात अर्थ कुठेच उरला नाही," त्या म्हणाल्या. मी दचकलो. मग त्यांनी खुलासा केला : यंत्राने रफार खाल्ले होते. 'अर्थ' जिथे जिथे होता तिथे 'अथ' झाला होता. 'तर्क'चा 'तक', 'मर्म'चा 'मम'. अर्थनिर्णयनावरच्या दोनशे पानांत हे किती ठिकाणी झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. बाईंनी ते सगळे एकेक करून बसवले. शब्दशोधकाला 'अथ' हाही शब्द माहीत असतो, त्यामुळे यंत्र तिथे अडत नाही. अडायला माणूसच लागतो. आणि पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट काढली. ८७व्या पानावर एका परिच्छेदाचा युक्तिवाद जुळत नाही, मधे काही तरी गळले आहे, असे त्यांचे म्हणणे. मी माझे हस्तलिखित काढून पाहिले. खरोखरच एक पूर्ण ओळ १९९६ सालीच गळली होती. हजार प्रती, सतरा वर्षे, आठ परीक्षणे. आणि ही गोष्ट ना माझ्या ध्यानात आली होती, ना माझ्या परीक्षकांच्या. त्या ओळीवाचून माझे विधान नेमके उलटे होत होते. एका परीक्षकाने त्या उलट्या विधानाबद्दल माझे अभिनंदन केले होते, हेही इथे सांगून टाकतो.

या कामाचे बाईंना पानामागे जे मिळाले ते सांगायला मला संकोच वाटतो. ते मुंबईतल्या दोन कटिंग चहांपेक्षा फारसे अधिक नव्हते. आणि मी ज्या शंभर रुपयांची बोली लावली होती त्यात तेवढेही बसत नव्हते.

ई-पुस्तकाला खर्च येत नाही हे विधान दुसऱ्या प्रतीपासून खरे आहे. पहिल्या प्रतीला सगळा खर्च येतो : लेखकाची वर्षे, संपादकाची नजर, बाईंचे रफार. छापील पुस्तकात हा पहिल्या प्रतीचा खर्च आणि पुढच्या प्रत्येक प्रतीचा कागद एकमेकांत मिसळून गेलेले असतात, आणि वाचकाला त्यातला कागद तेवढा दिसतो. किंमत म्हणजे मग त्या पहिल्या प्रतीचा बोजा किती जणांनी वाटून घ्यायचा याचे उत्तर. इंग्रजीतल्या रहस्यकथेचा बोजा लाखो वाचक वाटून घेतात. मराठी समीक्षेचा घेणारे दोनशे मिळाले तर लेखकाने सत्यनारायण घालावा. अमेरिकेतले आकडे आपण आपल्या वादात आणतो तेव्हा हा फरक विसरतो. अॅमेझॉनने २००७ च्या नोव्हेंबरात किंडल आणले तेव्हा नवी गाजती पुस्तके ९.९९ डॉलरना ठेवली. हा आकडा पुस्तकाच्या खर्चावरून निघाला नव्हता, यंत्र खपावे म्हणून निघाला होता. तो वाचकांच्या मनात इतका घट्ट बसला की २०१० साली प्रकाशकांनी अॅपलशी नवी बोलणी करून किमती वर नेल्या तेव्हा ग्राहक चिडले, २०१२ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने अॅपलवर आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर संगनमताचा दावा लावला, आणि २०१३ मध्ये निकाल अॅपलविरुद्ध गेला. पुढे तर स्वयंप्रकाशकांशी होणाऱ्या अॅमेझॉनच्या करारात अटच आली : सत्तर टक्क्यांचे मानधन हवे असेल तर ई-प्रतीची किंमत छापील प्रतीपेक्षा निदान वीस टक्क्यांनी कमी हवी. 'ई-पुस्तक स्वस्त असावे' हे आपल्याला नैसर्गिक न्यायाचे तत्त्व वाटते. त्यातला बराचसा भाग एका दुकानदाराच्या धोरणातून आला आहे.

आपल्या शासनाचे मत याबाबतीत दुकानदारापेक्षाही चमत्कारिक. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर २०१७ साली तो अठरा टक्के होता. जुलै २०१८ मध्ये पाच टक्के झाला, पण त्याची छापील आवृत्ती असेल तरच. ज्या पुस्तकाने कागद पाहिलाच नाही त्याला ती सवलत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी ई-पुस्तक ही छापील पुस्तकाची सावली. देह असेल तर सावलीला थोडी माफी. एखादा तरुण कवी आज आपला पहिला संग्रह फक्त पडद्यासाठी काढील तर करव्यवस्थेच्या भाषेत तो पुस्तक लिहीतच नाही, सेवा पुरवतो. बार्थला हे वाचायला मिळाले असते तर त्याने यावर एक निबंध नक्की लिहिला असता.

एवढे सगळे मनात आल्यावर मी प्रकाशकांना कळवून टाकले की ई-प्रतीची किंमत छापील प्रतीइतकीच ठेवावी. कागदाचे शंभर कमी करायचे तर करा, त्याखाली एक रुपयाही नको. हे पत्र मी तावातावाने लिहिले होते आणि आठवडाभर ते मला अगदी बरोबर वाटत होते.

ते बरोबर नव्हते, हे मला माझ्या मुलीने एका साध्या प्रश्नाने दाखवले. पण तिथे येण्यापूर्वी आमच्या सरांच्या ग्रंथसंग्रहाविषयी सांगायला हवे. आमचे सर १९८९ साली वारले. नोकरी खासगी महाविद्यालयातली, घर दोन खोल्यांचे, पुस्तके अडीच हजार. दिवस झाल्यावर काकूंनी आम्हा चार विद्यार्थ्यांना बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "न्या रे पोरांनो. रद्दीवाल्याला द्यायला माझा हात होत नाही." आम्ही चौघांनी वाटण्या केल्या. माझ्या वाट्याला जे आले त्यात मर्ढेकरांचे १९५५ सालचे 'सौंदर्य आणि साहित्य' होते. सर पुस्तकात पेन्सिलीने लिहीत आणि खाली वर्ष घालत. एका समासात त्यांनी लिहिले होते : 'पटत नाही. १९६१.' त्याच्याच खाली, शाईने, थरथरत्या अक्षरात : 'आता पटते. १९८४.' मधल्या तेवीस वर्षांत सरांच्या मनात काय घडले असेल याचा विचार करता करता मी एक लेख लिहिला. माझ्या संग्रहातला पहिला लेख तो. म्हणजे ज्या पुस्तकाची किंमत ठरवायला मी बसलो होतो ते पुस्तकच मुळात एका वारसाहक्काने आलेल्या प्रतीतून जन्मले होते. त्या प्रतीसाठी मी काही दिले नव्हते. सरांनी ती कधी तरी दुकानातून घेतली होती आणि त्यानंतर तिच्यावर मर्ढेकरांचा, त्यांच्या प्रकाशकांचा किंवा आणखी कोणाचा काही हक्क उरला नव्हता. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात हे स्पष्ट आहे : प्रती लोकांना उपलब्ध करण्याचा अधिकार धन्याचा, पण ज्या प्रती आधीच चलनात आल्या त्यांच्यापुरता तो संपला. जुन्या पुस्तकांची दुकाने, भेट दिलेली पुस्तके, उसनी नेऊन न परत केलेली पुस्तके, एवढा मोठा वाङ्मयीन संसार या एका तरतुदीवर उभा आहे.

माझी मुलगी दिवाळीला आली होती. मी हल्ली डोळ्यांच्या तक्रारीमुळे बरेचसे वाचन अक्षर मोठे करून पडद्यावरच करतो. माझ्या खात्यात दीडशेच्या वर पुस्तके आहेत. ती सहज म्हणाली, "बाबा, कपाटातली पुस्तकं मी नेईन. पण ह्या यंत्रातल्यांचं पुढे काय?" मला उत्तर देता येईना. म्हणून मी आयुष्यात प्रथमच विक्रीच्या अटी वाचल्या. त्यांत सरळ लिहिले आहे की ही पुस्तके विकलेली नाहीत, वापराचा परवाना दिला आहे. आणि तो परवाना दुसऱ्याला विकता, भाड्याने देता किंवा वाटता येत नाही. पडद्यावर मात्र दर वेळी 'विकत घ्या' असेच बटण होते. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या आरंभापासून निदान एवढे सक्तीचे केले की परवाना देत असाल तर तो परवाना आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे हा प्रश्न अजून कोणी विचारलेला मी ऐकला नाही. युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी नेदरलँड्समधल्या एका जुन्या ई-पुस्तकांच्या दुकानाच्या खटल्यात सांगितले की ई-पुस्तकाची एकदा विक्री झाली म्हणून धन्याचा हक्क संपत नाही. वापरलेल्या ई-पुस्तकांचा बाजार भरवता येणार नाही. २००९ च्या जुलैत ऑर्वेलची दोन पुस्तके, त्यातले एक '१९८४' हे सांगायलाच नको, ग्राहकांच्या किंडलवरून रातोरात दुरून पुसली गेली. पैसे परत मिळाले, पुढे माफीही मिळाली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही दुकानाबरोबर गेली. आणि २०११ मध्ये हार्पर कॉलिन्सने अमेरिकी ग्रंथालयांना घातलेली अट मला सर्वांत बोलकी वाटते : ई-पुस्तक सव्वीस वेळा वाचकाला दिले की संपले, पुन्हा विकत घ्या. छापील पुस्तकाला पानगळीचा शाप असतोच. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून तिला जपण्याची विनवणी करीत. इथे सैल बांधणी करारातच लिहिलेली.

माझ्या मनातला गुंता इथे सुटू लागला. लेखकाच्या मृत्यूची घोषणा आपण उत्साहाने केली. फूकोने १९६९ मध्ये दाखवले की लेखक ही कोटी मालमत्तेच्या इतिहासाशी जोडलेली आहे, तेही आपण शिकवले. या सिद्धान्तांचा रोख असा होता की संहिता कागदाच्या आणि कर्त्याच्या कैदेतून सुटली की वाचकाची होईल. प्रत्यक्षात कागद गेला तेव्हा संहिता वाचकाच्या हाती आली नाही, धन्याकडे परत गेली. कागद हाच वाचकाचा मालकीहक्काचा पुरावा होता. तो जड होता, जागा अडवत होता, त्याला कसर लागत होती. पण सरांची प्रत काकूंच्या हातून माझ्याकडे आली ती त्याच्या जडपणामुळेच. 'आता पटते' हे शब्द शाईने लिहायला तेवीस वर्षे जागेवर राहिलेला समास लागतो.

तेव्हा ई-पुस्तक छापील पुस्तकापेक्षा स्वस्तच असले पाहिजे, या मतावर मी शेवटी आलो. पण ज्या कारणाने मी शंभर रुपये म्हणालो होतो त्या कारणाने नव्हे. कागदाचे शंभर वजा करून लेखक, संपादक, मुद्रितशोधक यांच्या श्रमांनाही त्याच झपाट्यात वजा करणे हा अन्याय. वजा करायचे ते वाचकाचे गेलेले हक्क : उसने देण्याचा, विकण्याचा, भेट देण्याचा, मागे ठेवून जाण्याचा. कुलूपबंद फाइल देणार असाल तर ती वाचनालयाच्या वर्गणीच्या दरात द्या, कारण ती उसनवारीच आहे. कुलूप न घालता, वाचकाला तिचे काय हवे ते करू देणार असाल तर कागदाचे तेवढे सोडून पूर्ण किंमत मागा, आणि ती मागताना लाजू नका.

हे मी प्रकाशकांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, कुलूप नसेल तर एक प्रत विकली जाईल. दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर." त्यांची भीती निराधार नाही, हे मला मान्य करावे लागले. माझा संग्रह उपलब्ध नव्हता त्या काळात विद्यापीठाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याची एक सुटी, दोरीने बांधलेली प्रत कायम पडून असे. मागेल त्याला पानाला एक रुपया. तिथे मी एकदा स्वतः उभा होतो आणि माझ्यापुढच्या मुलीने तिसरे प्रकरण मागितले. मला आनंद झाला हे कबूल करतो. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाविरुद्ध तीन बड्या विदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली खटला भरला होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठीच्या छायाप्रतींच्या बाजूने कौल दिला, द्विसदस्य पीठाने त्याच डिसेंबरात ते तत्त्व उचलून धरले, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला सोडून दिला. मी त्या निकालाच्या बाजूचा आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ई-पुस्तकाची तुलना छापील पुस्तकाशी नसतेच. ती झेरॉक्सशी आणि फुकट फिरणाऱ्या पीडीएफशी असते. साडेतीनशे काय किंवा शंभर काय, शिष्यवृत्ती सहा महिने थकलेल्या मुलाला दोन्ही सारखेच. पण मग बाईंचे रफार कोणी बसवायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, याचे उत्तर त्या निकालात नाही. ते तिथे शोधणेही चूक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली बरीच पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य देते, कारण त्यांचा पहिल्या प्रतीचा खर्च समाजाने आधीच उचललेला असतो. साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. या दोन्हींच्या मधे आमच्यासारखी पुस्तके : हक्क अजून जिवंत, वाचक दोनशे, आणि खर्च उचलणारे कोणी नाही.

अखेर आमचे ठरले ते असे. ई-प्रत बिनकुलपाची, संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, किंमत पावणेदोनशे. अडीचशेचा माझा आग्रह प्रकाशकांनी मानला नाही. कुलूप मात्र त्यांनी माझ्या शब्दाखातर काढले. मुद्रितशोधनाचा दर वाढवून घ्यायला मी माझ्या मानधनातला वाटा पुढे केला तेव्हा ते संकोचले आणि दर त्यांनीच थोडा वाढवला. पहिल्या वर्षाचा हिशेब आला आहे : छापील ११२, ई-प्रती ३९.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थी घरी आला. प्रबंधासाठी त्याला मर्ढेकरांवरच्या लेखाविषयी बोलायचे होते. त्याच्या एका हातात जुन्या आवृत्तीची झेरॉक्स होती, पिवळट पडलेली, आणि दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी. त्याच्या पडद्यावर नवी आवृत्ती. "सर, ८७ पानावर ह्या दोन्हींत फरक आहे," तो म्हणाला. "इथे एक ओळ जास्त आहे. त्यामुळे तुमचं म्हणणं बदलतं. तुम्ही मत बदललंत का?" मी त्याला हस्तलिखिताची आणि बाईंची हकिकत सांगितली. त्याने बाईंचे नाव विचारून घेतले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात घालतो म्हणाला. पडद्यावरची ती फाइल त्याने पावणेदोनशे रुपये देऊन घेतली होती की कोणा मित्राकडून त्याच्याकडे आली होती, हे विचारायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात चहा आला.